वजन, वारा आणि परके पाणी

जे/२४ या शर्यतीच्या शिडाच्या बोटीच्या तळाशी ४३१ किलोंचे ओझे बसवलेले असते. आणि तिचा नियम असा, की शर्यतीला बोटीवर जेवढी माणसे चढतील त्यांचे एकत्र वजन ४०० किलोंच्या वर जाता कामा नये. हे दोन आकडे शेजारी मांडले की मी दर वेळी थक्क होतो. बोट सरळ ठेवणारे जवळजवळ निम्मे वजन धातूचे, पाण्याखालचे, जागचे न हलणारे. आणि निम्मे हाडामांसाचे, पाण्यावरचे, क्षणोक्षणी जागा बदलणारे. बोटीवरची पाच माणसे बोटीच्या रचनेतच धरलेली आहेत. ती उतरली तर बोट अपुरी राहते.

आता ही पाच माणसे सतरा ते बावीस वर्षांची आहेत, आणि पहिल्यांदाच आपले बंदर सोडून दुसऱ्याच्या पाण्यावर रेगाटाला, म्हणजे शर्यतींच्या मेळ्याला, निघाली आहेत, असे समजा. आयर्लंडमध्ये अशी मुले-मुली खरोखर भेटतात. लहानपणी एकट्याने किंवा दोघांनी चालवायच्या छोट्या होड्यांवर शिकलेली मुले विशीच्या उंबरठ्यावर हा खेळ सोडून देतात, कारण मोठी बोट विद्यार्थ्याला परवडत नाही. म्हणून तिथल्या काही क्लबांनी पंचवीस वर्षांखालच्या गटांच्या हाती जुन्या जे/२४ सोपवल्या. बोट घासायची तुम्ही, दुरुस्त करायची तुम्ही, शर्यतीला न्यायची तुम्ही. डब्लिनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या होथच्या बंदरातून असा एक गट आयर्लंडच्या मध्यावरच्या लॉक री या सरोवराकडे निघतो, तेव्हा काय काय बदलते, ते पाहू.

आधी बोटीविषयी, कारण तिची जन्मकथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. रॉड जॉन्स्टन हा अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात राहणारा, नौकानयनाच्या एका नियतकालिकासाठी जाहिराती मिळवणारा माणूस. बोट-रचनेचा अभ्यास त्याने पत्राद्वारे केलेला. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने घराच्या गॅरेजमध्ये, घरच्यांच्या मदतीने, २४ फूट लांबीची एक बोट बांधली आणि तिला ‘रॅगटाइम’ हे नाव दिले. तिने शर्यती जिंकायला सुरुवात केली तशी लोक तसलीच बोट मागू लागले. १९७७मध्ये भाऊ बॉबबरोबर कंपनी निघाली. त्या गॅरेजातल्या बोटीच्या आजवर पाच हजारांहून अधिक प्रती जगभर झाल्या आहेत.

प्रती हा शब्द इथे नेमका आहे. जे/२४ एकमेकींसारख्याच असाव्या लागतात: तोच आकार, तेच वजन, तेवढीच शिडे. महागडी बोट आणून जिंकण्याची सोय नाही. आणि ही कल्पनाच मुळात डब्लिनच्या किनाऱ्यावर रुजली. १८८७मध्ये तिथे ‘वॉटर वॅग’ नावाच्या एकसारख्या छोट्या होड्यांचा वर्ग सुरू झाला. जगातला असा पहिला वर्ग म्हणून तो ओळखला जातो. पाठोपाठ होथमध्ये ‘होथ सेव्हन्टीन’ ही कीलबोट आली. तिच्या पहिल्या पाच बोटी उत्तरेला कॅरिकफर्गसला बांधल्या गेल्या, तिथून सुमारे नव्वद मैल शिडावर हाकत होथला आणल्या आणि मे १८९८मध्ये त्यांची पहिली शर्यत झाली. त्या वर्गाच्या लाकडी बोटी जुन्याच पद्धतीची शिडे लावून आजही तिथे शर्यती करतात. होथची मुले ज्या धक्क्यावर शिकतात, तिथे सव्वाशे वर्षे जुनी नौका ही संग्रहालयातली वस्तू नसते. मंगळवारी किंवा शनिवारी ती शेजारून पुढे निघून जाऊ शकते.

आता कील. होडी आणि कीलबोट यांतला सगळा फरक पाण्याखालच्या त्या जड पात्यात आहे. वारा बाजूने आला की शिडावर जो रेटा बसतो, त्याचा मोठा भाग बोटीला आडवे ढकलणारा असतो आणि थोडासाच पुढे नेणारा. नुसती परात पाण्यावर ठेवली तर ती वाऱ्याबरोबर वाहत जाईल. कील त्या आडव्या ढकलण्याला नकार देते. बोट किंचित तिरकी सरकते, तीन-चार अंशांनी. तेवढ्या तिरकेपणामुळे पाणी कीलच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वेगाने वाहते आणि विमानाच्या पंखाला हवेत मिळते तशी उचल कीलला पाण्यात मिळते, फक्त वरच्या ऐवजी बाजूला. शिडाचा रेटा एकीकडे, कीलचा रेटा दुसरीकडे. आणि चिमटीत धरलेली फणसाची ओली आठळी जशी पुढे निसटते, तशी बोट पुढे निसटते. तीही वाऱ्याच्या दिशेकडे झुकून!

शिडे सुमारे २४ चौरस मीटर पसरलेली, आणि त्यांना तोलून धरणारे पाते त्या मानाने इवलेसे. हे जमते कसे? पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे म्हणून. दोन वेगळ्या जगांत एकेक पंख घालून ही बोट चालते, आणि दोन्ही जगांच्या दाटपणातला फरक तिने आपल्या अंगाच्या प्रमाणात मुरवून घेतला आहे.

कीलमध्ये ओझे घालतात ते बोट कलंडू नये म्हणून. पण बोट सपाट असते तेव्हा ते ओझे सरळ खाली लोंबत असते, त्याच्यात बोटीला सरळ करणारे काही बळच नसते. बोट जसजशी कलते तसतसे ते एका बाजूला जाते आणि मग ओढू लागते. माणसांचे तसे नाही. बोटीची रुंदी २.७ मीटर आहे. वाऱ्याकडच्या कडेवर ओळीने बसलेली मंडळी पहिल्या अंशापासूनच काम करतात. थोड्या कलात तर त्यांचा वाटा कीलपेक्षा मोठा असतो. बोट जितकी सपाट, तितकी कील पाण्यात उभी आणि तितकी तिची पकड चांगली. म्हणून जोराच्या वाऱ्यात सगळे जण पाय बाहेर टाकून, पोटाला दोर काचत असला तरी, कडेवर चिकटून बसलेले दिसतात.

इथे तरुण गटाची एक मजेदार पंचाईत होते. साठ-बासष्ट किलोंची पाच मुले-मुली मिळून तीनशेच्या थोडे वर जातात. समोरच्या बोटीवर पन्नाशीतले पाच भारदस्त गडी पूर्ण ४०० किलो घेऊन बसलेले. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा (ताशी दहा सागरी मैलांचा) वारा १४ झाला की शिडावरचा रेटा दुप्पट होतो. तेव्हा ते नव्वद किलो फार जाणवतात. यावर अनेक तरुण गट सहावा गडी घेतात. वजन मर्यादेतच राहते, फक्त बारा हात एवढ्याशा जागेत एकमेकांत अडकणार नाहीत असा सराव करावा लागतो. याउलट मंद वाऱ्याच्या दिवशी हलकी बोट निसटून पुढे जाते, आणि भारदस्त गडी हळहळतात.

होथहून लॉक रीपर्यंत गाडीने दोनेक तासांचा रस्ता, पण तयारी आठवडाभराची. बोट क्रेनने पाण्यातून काढायची. तळावर जमलेला बुळबुळीत थर घासून काढायचा, कारण हाताला जेमतेम लागणारा तो थर पाण्याचा विरोध चांगलाच वाढवतो. डोलकाठी उतरवायची, तिच्या तारांचे ताण आधी मोजून लिहून ठेवायचे. मग दीड टनाच्या आसपासची बोट चाकांच्या गाड्यावर चढवून तिच्या अंगावर डोलकाठी आडवी बांधायची. घरच्या धक्क्यावर ही कामे करायला नेहमी कोणीतरी जाणते काका असतात. परगावी एक पिन विसरली तर डोलकाठी उभी राहत नाही. मला विचाराल तर पहिल्या परगावच्या रेगाटातले सर्वांत मोठे शिक्षण या गाड्याभोवतीच होते, पहिला भोंगा वाजायच्या कितीतरी आधी.

आणि मग ते पाणी.

होथचे पाणी भरती-ओहोटीचे. बंदराबाहेर आयर्लंड्स आय नावाचे बेट आहे. बेट आणि किनारा यांच्यामधून पाणी वाहत असते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. उधाण आणि भांग त्याच्या अंगात भिनलेले असतात, आणि मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. शर्यत करणाऱ्याला मात्र पाण्याच्या उंचीपेक्षा त्याचा ओघ महत्त्वाचा. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते, आणि ओघ तेव्हाच तुफान असतो. पाच नॉटने चालणाऱ्या बोटीला दीड नॉटचा ओघ समोरून आला तर जवळजवळ तिसरा हिस्सा वेग गेला. होथच्या मुलांना कुठल्या घटकेला किनाऱ्याला घासून जायचे आणि कधी खोल पाण्यात शिरायचे, हे घड्याळाकडे न बघता कळते.

होथसमोरच्या याच आयरिश समुद्राच्या कुशीत, डब्लिनच्या दक्षिणेला, कोर्टाऊन नावाचे छोटे बंदर आहे. तिथे भरती-ओहोटीचा चढ-उतार नावापुरता असतो. अटलांटिकमधून शिरणारी भरतीची लाट आणि परतणारी लाट तिथे एकमेकींना उंचीत जवळजवळ पुसून टाकतात, पण पाण्याचा ओघ मात्र तिथून जोरात वाहत राहतो. धक्क्यावर उभे राहून पाहिले तर समुद्र स्थिर, आणि चार पावले आत गेले तर वाहता. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा नकाशा उघडून बराच वेळ बसलो होतो.

लॉक रीवर यातले काहीच नाही. शॅनन नदी वाटेत रुंदावून झालेले हे सरोवर, ॲथलोन गावाच्या वरच्या अंगाला, शंभर चौरस किलोमीटरहून मोठे, बेटांनी भरलेले. तिथला यॉट क्लब आपला वारसा १७७० सालापर्यंत मागे नेतो. पाणी गोडे. भरती नाही, ओहोटी नाही. घरून आणलेले अर्धे शहाणपण त्या सकाळी निरुपयोगी ठरते.

गोड्या पाण्याने तर बोटच बदलते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. बोट आणि माणसे मिळून १,८०० किलो धरले, तर गोड्या पाण्यात तरंगायला त्यांना चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी जास्त बाजूला सारावे लागते. बोटीच्या पसाऱ्यावर ते वाटले तर ती साधारण अर्धा सेंटिमीटर अधिक बुडते. डोळ्यांना दिसत नाही, शर्यतीत कोणाचे नुकसानही होत नाही, कारण सगळ्याच बोटी तेवढ्याच बुडतात. तरी ते अर्धे सेंटिमीटर तिथे असतेच, आणि आर्किमिडीज अडीच हजार किलोमीटर आणि बावीसशे वर्षे दूर राहूनही हिशेब चुकू देत नाही.

खरी परीक्षा वाऱ्याची. समुद्रावरून होथला येणारा वारा मैलोन् मैल सपाट पाण्यावरून आलेला असतो. सरोवरावर तो झाडांवरून, टेकाडांवरून, बेटांना वळसे घालत उतरतो. एका मिनिटाला इकडून, दुसऱ्या मिनिटाला दहा अंश तिकडून. दहा अंश म्हणजे काय, ते सांगतो. शर्यतीचा पहिला टप्पा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर असतो, आणि शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती साधारण ४५ अंशांनी तिरकी जाते, मग वळते, पुन्हा तिरकी जाते. त्यामुळे एका मैलासाठी तिला १.४ मैल कापावे लागतात. आता दोन बोटी बरोबरीत आहेत, एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला, मध्ये २०० मीटर अंतर. वारा उजवीकडे दहा अंश वळला. त्या क्षणी उजवीकडची बोट काहीही न करता सुमारे ५० मीटर पुढे गेली. वेग तोच, माणसे तीच, फक्त ‘पुढे’ची दिशा बदलली. बोटीच्या सहा-सात लांब्यांचा हा फरक असतो.

म्हणून कडेवर बसलेल्यांपैकी एकाचे काम फक्त बघणे. झोत येतो तेव्हा पाण्यावर काळसर डाग सरकत येतो, कारण वाऱ्याने उठवलेल्या बारीक सुरकुत्या आकाशाचा उजेड आपल्याकडे कमी परतवतात. “झोत, दहा सेकंद... पाच... आला!” हे ऐकून शिडे सांभाळणारा दोर सैल सोडतो, सुकाणूवरची मुलगी बोट केसभर वाऱ्याकडे घेते, आणि बोट कलण्याऐवजी पुढे झेपावते. हवा अदृश्य आहे असे आपण म्हणतो. या मुलांना ती येताना दिसते.

सुरुवातीआधीची पाच मिनिटे मला या खेळातला सर्वांत थरारक भाग वाटतो. धावपटूंना रेषेवर उभे राहता येते; बोटीला ब्रेक नाहीत. पाच मिनिटे उरली की पहिले निशाण आणि भोंगा, चार मिनिटांना दुसरे, एक मिनिटाला ते दुसरे निशाण उतरते, आणि शून्याला सुटका. समिती-बोट आणि एक बोया यांच्यामधली कल्पित रेषा हीच सुरुवात. त्या क्षणी रेषेच्या अलीकडे, पण पूर्ण वेगात असायचे, आणि आजूबाजूला तशाच वीस-पंचवीस बोटी. एक सेकंद लवकर गेलात तर परत मागे येऊन पुन्हा सुटावे लागते. घरच्या शर्यतीत या मुलांना कोण कसा वागेल ते ठाऊक असते. इथे चेहरे अनोळखी, आणि उजवीकडून वारा घेत येणारा कोणी “स्टारबोर्ड!” ओरडला की डावीकडून वारा घेणाऱ्याने बाजूला व्हायचेच. जगात कुठेही, कुठल्याही भाषेच्या मुलखात, हा एक शब्द पुरतो.

पहिल्या टप्प्याच्या टोकाच्या बोयाला वळसा घातला की चित्र पालटते. वारा पाठीशी येतो, पुढच्या टोकावरची मुलगी डोलकाठीपाशी खांब अडकवते आणि स्पिनेकर नावाचे फुग्यासारखे शीड वर जाते. सरावात दहा सेकंदांत जाणारे हे शीड पहिल्या परगावच्या शर्यतीत दोरांना पीळ देऊन बसते, असे बहुतेकांच्या बाबतीत घडते. ते फुगले की बोट आणखी एका अदृश्य भिंतीला जाऊन भिडते. चालणारी बोट स्वतःची लाट उठवते, आणि लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. जे/२४ची पाण्यावरची लांबी २० फूट. तेवढ्या लांब लाटेचा वेग ६ नॉट. त्याहून वेग वाढवू पाहिले की बोट आपल्याच लाटेच्या दरीत बसते आणि समोरच्या चढावर चढू शकत नाही. पण मोठा झोत मागून आला, आणि मंडळी नेमक्या क्षणी मागे सरकली, तर ती तो चढ ओलांडते आणि लाटेवरून घसरत सुटते. सुकाणूचा थरथराट बदलतो. बोटीवरचे सगळे एकदम ओरडतात, आणि ओरडले पाहिजेच.

एवढ्या गर्दीत पंच कुठे असतो? बहुतेक अशा शर्यतींत पाण्यावर पंच नसतोच. नियम मोडला तर मोडणाऱ्याने स्वतःहून बाजूला होऊन बोटीला दोन पूर्ण फेऱ्या मारायच्या, ही शिक्षा. समोरच्याने लगेच “प्रोटेस्ट” म्हणून ओरडायचे, आणि कोणी शिक्षा घेतली नाही तर संध्याकाळी क्लबच्या एखाद्या खोलीत सुनावणी. टेबलावर बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या बोटी मांडतात, वाऱ्याच्या दिशेला एक बाण ठेवतात, आणि सतरा वर्षांची मुलगी तिच्या वडिलांच्या वयाच्या माणसासमोर दाखवते, की तुम्ही इथे होतात, मी इथे होते, आणि आपल्यामध्ये एक बोट-लांबी उरली होती. समिती दोघांना सारखेच प्रश्न विचारते. वयाचा मान चहाच्या वेळी. त्या टेबलापाशी फक्त अंतर आणि कोन. नौकानयनाच्या सगळ्या प्रथांत मला ही सर्वांत सुंदर वाटते.

गुण उलटे मोजतात: पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि ज्याची बेरीज सर्वांत लहान तो विजयी. पुरेशा शर्यती झाल्या की आपली सर्वांत वाईट शर्यत वगळता येते. नव्या गटाच्या तक्त्यात शनिवारी १८, १९, १५ असे आकडे दिसतात, आणि रविवारी अचानक एखादा ७. शनिवारी ही मुले होथसारखीच किनाऱ्याला घासून गेली असतील, जिथे ओघ नव्हताच, फक्त झाडांनी अडवलेला वारा होता. रविवारी सात नंबरने बोया गाठताना तीच मुले सरोवराच्या मध्यावर होती, आणि कडेवरची सगळ्यांत लहान मुलगी पाण्यावरचे काळे डाग मोजत होती.